पिशवीतले नव्वद ग्रॅम

आमच्या आळीतल्या वाण्याकडे जाऊन तुम्ही, सगळे म्हणतात तसं, सहज म्हणालात, "एक किलो तेल दे रे," तर मागून आवाज येईल, "किलो की लिटर? आधी ते ठरवा."

तुम्ही वळून बघाल. उंच, जरासा पुढे वाकलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. तुम्हाला वाटेल, थट्टा करतोय. तुम्ही हसून म्हणाल, "किलोच हो, आजोबा." झालं! आजोबा पिशवीतून हुकाचा काटा काढणार, तुमच्या हातातली तेलाची पिशवी न विचारता काढून घेणार, तिचा कोपरा हुकाला अडकवणार आणि काटा तुमच्या नाकासमोर धरणार. "वाचा. चष्मा नसेल तर मी वाचतो. प्लास्टिक वजा केलं की नऊशे दहा. किलो म्हणजे हजार. मग नव्वद ग्रॅम गेलं कुठे?"

ते कुठेच गेलेले नसतात हो. पिशवीवर सरळ छापलेलं असतं, एक लिटर, नऊशे दहा ग्रॅम. त्यात ना वाण्याची चोरी, ना कंपनीची. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून लिटरभर घेतलं तरी वजनाला तेवढंच भरतं. पण अख्खी रत्नागिरी लिटरच्या पिशवीला किलो म्हणते. मीही म्हणते. जन्मभराची सवय, एकदम सुटते का? पण नानांना ते सहन होत नाही.

नाना मयेकर, माझे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घराच्या मध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे. त्यावरून लिंबं, कढीपत्ता आणि भांडणं आरामात इकडची तिकडे जातात. माझा घरगुती वड्यांचा धंदा आहे. कोंबडीवड्यातले वडे, तांदूळ-उडदाचे. आमचे हे जहाजावर नोकरीला, घरी कमी आणि समुद्रात जास्त. मग मी कढई चढवली. हातखंब्याच्या नाक्यावरची एक खानावळ बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी माझ्याकडून वडे नेते. म्हणजे माझ्याकडे तेलाचे डबे येतात, आणि डबा आला की नाना आले.

"शैले, डबा कितीचा?"

"पंधरा किलोचा, नाना."

"किलोचा की लिटरचा?"

"असेल काहीतरी. डबा तो डबा."

एवढं पुरेसं आहे. नाना गडगा ओलांडून येणार, काट्याचा हुक डब्याच्या कडीत अडकवणार, लाल होऊन, मान ताठ करून डबा उचलणार. "नाना, कंबर धरून बसाल!" असं मी ओरडते, पण ऐकतंय कोण? एकदा खरंच घाऊक दुकानदाराने पंधरा किलोच्या ऐवजी पंधरा लिटरचा डबा पाठवला होता. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. "रिकामा डबा वजा कर. तेरा किलो आणि साडेसहाशे ग्रॅम!" नाना असे काही ओरडले की पलीकडची माणसं, कोणाला मुलगा झाला की काय, म्हणून बघायला आली. त्या दिवशी माझा फायदा झाला, खोटं कशाला बोलू. पण दर वेळी नाही होत. दर वेळी नुसता माझा वेळ जातो.

त्यांचं एक आवडतं वाक्य आहे, "पाणी तेवढं इमानी." का, तर पाणी लिटरभर घेतलं की किलोभरच भरतं. दूध जरा वर जातं, तेल खाली जातं, मध तर कुठच्या कुठे. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला गाठून नाना हे सांगतात. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगतात. कडक उन्हात तेल फुगतं म्हणून दुपारचं मापून घेऊ नये, सकाळी घ्यावं, हेही सांगतात. माणसं हो हो म्हणतात आणि लांब जाऊन बसतात.

गेल्या मे महिन्यात वाण्याकडे पुण्याहून फिरायला आलेल्या एक बाई होत्या. नानांनी त्यांची पिशवी काट्याला लावली. बाईंनी ऐकून घेतलं, मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पण काका, नव्वद ग्रॅमने असा काय फरक पडतो?"

नानांनी हुक सोडवला, पिशवी दोन्ही हातांनी बाईंना परत दिली, काटा आपल्या कापडी पिशवीत टाकला आणि ते चालू लागले. छत्री तिथेच राहिली, ती मी घरी आणली. ती बाई बिचारी वाण्याला विचारत होती, माझं काही चुकलं का? तिचं काही चुकलं नव्हतं. पण हा एक प्रश्न नानांना विचारायचा नाही. फरक पडला होता, आणि ज्या माणसाच्या बाबतीत पडला होता त्या माणसासमोर जाऊन ते सांगायची सोय आता उरली नव्हती.

ते माणूस म्हणजे कुंदावहिनी, नानांची बायको.

गोल चेहऱ्याची, ठेंगणी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू लावणारी बाई. खाण्यावर जीव. मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेली तरी भजीच्या गाडीशी उभी राहून तळण बघत बसायची. "बघ गो शैला, काय फुललीय!" म्हणायची, जसं काही भाचीच्या गालांचं कौतुक करतेय. तळलेला बांगडा आणि माझे वडे, ह्या दोन गोष्टींसाठी देवाने आपल्याला जन्माला घातलं अशी तिची पक्की समजूत होती.

आणि नेमकं तिलाच हृदयाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली, फिरायला सांगितलं आणि उठता उठता बजावलं, "तेल कमी. माणशी महिन्याला अर्धा किलो. त्याच्यावर थेंब नको."

ही एवढी तीन वाक्यं नानांनी घरी आणली आणि त्यांच्या हातात जणू कोणी राज्याचा कारभार दिला.

नाना जन्मभर मिरकरवाड्याच्या बंदरावर डिझेलच्या पंपावर होते. लाँचींना डिझेल भरायचं, आकडा बघायचा, लाँचीवरचा तांडेल "बस, बस!" ओरडला की थांबायचं. त्यांच्या डोक्यात मोजायचं म्हणजे लिटर. डॉक्टर किलो म्हणाले, नानांनी लिटर ऐकलं असंही नाही. ऐकलं किलोच. पण दोघांना मिळून एक किलो, म्हणजे महिन्याला तेलाची एक पिशवी, असा सरळ हिशेब त्यांनी केला. आपण कोणीही तोच केला असता. पिशवीला आपण किलोच म्हणतो की!

पहिल्या तारखेला पिशवी फुटायची. तेल सरबताच्या एका काचेच्या बाटलीत जायचं. बाटलीवर चिकटपट्टीच्या चार रेघा, एकेक आठवड्याची. फोडणीचं माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण. आमटीला एक झाकण, भाजीला दीड. कुंदावहिनी कढई तापवायची आणि नाना बाटली घेऊन शेजारी उभे. झाकण भरलं की स्वतःच, बंदरावरच्या सवयीने, "बस, बस!" आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

"लाँच निघाली गो माझी," कुंदावहिनी गडग्यावरून मला सांगायची. "दीड झाकण भरलंय. पोचते काय गोव्याला?"

बांगडा केळीच्या पानात गुंडाळून तव्यावर जायला लागला. "दवाखान्यात ठेवल्यासारखा दिसतो मेला," ती म्हणायची, आणि खायची. नानाही तेच खायचे. तिला नाही तर मला कशाला, म्हणून बाहेरही त्यांनी तळलेलं सोडलं. बंदरावरचे जुने मित्र भजी पुढे करायचे तर हे हात मागे घ्यायचे. माझ्या वड्यांनाही त्यांच्या राज्यात कायदा होता. शेजारचा वडा झाला म्हणून काय, त्यातलं तेल आपल्याच माणसाच्या पोटात जाणार! तेव्हा पहिल्या तारखेला नाना स्वतः ताटली घेऊन यायचे, दोघांसाठी दोन-दोन वडे न्यायचे आणि घरी जाऊन, वड्यांतल्या तेलाची वजाबाकी म्हणून, बाटलीतलं चार झाकण तेल देवाच्या समईत ओतायचे. पहिली तारीख म्हणजे कुंदावहिनीची दिवाळी. ठेवणीतली साडी नेसून खायची ते वडे. मग उरलेला महिना पुढची पहिली कधी येते ह्याची वाट बघायची.

मी तिला म्हणायचे, "वहिनी, मी देते ना एक. कोणाला कळणार आहे?" ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी स्टुलावर येऊन बसायची, तळणीच्या वासाला. हे जहाजावर, मला सोबत. पण खायची नाही. "नको गो. त्यांनी मोजलेलं असतं. मी इथे खाल्लं तर त्यांचा हिशेब खोटा पडेल." आणि मग हसून म्हणायची, "एवढं मोजून कोण बघतं कोणाच्या बायकोचं?" चिडून म्हणायची, पण त्यात मिरवणंही होतं. आम्हा बायकांना ते बरोबर कळतं.

असं वर्षामागून वर्ष चाललं. मला वाटायचं, असंच चालणार.

गेल्या वर्षी एका महिन्याचे शेवटचे काही दिवस राहिले होते. बाटली खाली गेलेली, चौथ्या रेघेच्या तळाशी कसंबसं तीन-चार फोडण्यांचं तेल. शुक्रवार होता, माझी कढई सकाळपासून चढलेली, वास गडग्यावरून सरळ त्यांच्या घरात. दुपारी कुंदावहिनी नानांना म्हणाली, "अहो, आज एक वडा खाऊ काय? जीवच जातोय बघा माझा." ती नेहमीच असं बोलायची. नाना बाटली उजेडात धरून म्हणाले, "आता नाय बसत हिशेबात. पहिल्या तारखेला खा. दोनाच्या जागी तीन खा. बस?" ती म्हणाली, "बस."

पहाटे तिच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

नाना रडले नाहीत. ठाण्याला असलेली त्यांची मुलगी आली, रडली, मी रडले, आळी रडली. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देत होते. तेराव्याला सुद्धा वाढपी कमी पडले म्हणून स्वतः पळी घेऊन उभे राहिले. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. मला ते काही बरं लक्षण वाटलं नाही.

मुलगी जाताना वडिलांसाठी एक छोटा वजनकाटा ठेवून गेली, स्वयंपाकघरात ठेवतात तसला. बाबा, तुमचंही वय झालं, पथ्याने राहा, भात मोजून घ्या, असं तिचं. नाना आज्ञाधारक. नवा महिना लागला तसे ते वाण्याकडून तेलाची पिशवी घेऊन आले. आता माणूस एक. डॉक्टरांनी सांगितलं माणशी अर्धा किलो. तेव्हा अर्धा किलो काढायचं आणि अर्धं पुढच्या महिन्याला ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं. पातेलं काट्यावर ठेवलं, बरोबर पाचशे ग्रॅम तेल ओतून घेतलं. मग उरलेलं दुसऱ्या पातेल्यात. ते चारशे दहा भरलं.

आधी वाटलं, काटा बिघडला. पातेली बदलून बघितली. मग वाटलं, पिशवी गळकी. ती धुऊन, पाणी भरून बघितली. गळत नव्हती. मग नाना ती रिकामी पिशवी घेऊन तडक वाण्याकडे. "तू कमी तेल देतोस!" भर बाजारात ओरडले. वाणी चांगला माणूस आहे. त्याने पिशवी उलटी केली आणि छापलेल्या अक्षरांवर बोट ठेवलं. "नाना, ते लिटर आहे हो. किलो नाय. वजनाला नऊशे दहाच भरतं. आधीपासून."

"आधीपासून?"

"आधीपासून. काय झालं, नाना?"

नाना दुकानाच्या पायरीवर बसले. मी कोथिंबीर घ्यायला गेले होते, मला ते तसेच बसलेले दिसले, मांडीवर तेलकट पिशवी. मी विचारलं तर म्हणाले, "शैले, बाटलीत होतं गो."

"काय होतं?"

"तेल. डॉक्टरांनी दिलेलं. एक किलो सांगितलान ना? मी एक लिटर घातलं. दर महिन्याला नव्वद ग्रॅम मी तिला कमी दिलं. त्या शुक्रवारी बाटलीत आणखी नव्वद ग्रॅम असायला हवं होतं. तिनं वडा मागितलान आणि मी नाय म्हटलं. आणि होतं. बसत होतं हिशेबात!"

 मी म्हटलं, नाना, वडा खाल्ला असता तरी पहाट काही टळली नसती. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "टळली असती असं मी कुठे म्हणतोय? गेली असती. पण खाऊन गेली असती."

त्यानंतर ते डॉक्टरांकडे गेले. मी बरोबर होते, एकटं सोडायची भीती वाटत होती. नानांनी विचारलं, "तुम्ही किलो म्हणाला होतात की लिटर?" डॉक्टरांना आधी आठवेना. मग म्हणाले, "अहो नाना, ते अंदाजाने सांगायचं असतं. किलो काय, लिटर काय, थोडं इकडे-तिकडे. तेवढ्याने काय फरक पडतो?" डॉक्टर समजूत घालायलाच म्हणाले, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण नानांचा चेहरा पडला. ज्या आकड्यावर हात ठेवून ह्या माणसाने बायकोला नाही म्हटलं होतं, तो आकडाच थोडा इकडे-तिकडे निघाला.

तेव्हापासून हुकाचा काटा आला. तेव्हापासून अख्ख्या बाजाराला किलो की लिटर. आणखी कोणाच्या घरी हीच चूक व्हायला नको, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असणार. त्यांनी मला तसं कधी सांगितलं नाही.

मला मात्र त्यांनी दुसरंच विचारलं. "वडा किती तेल पितो?"

"मला काय माहीत! पितो तेवढं पितो."

मग एका बुधवारी ते छोटा काटा घेऊन माझ्या ओट्याशी आले. कच्चा वडा थापून झाला की काट्यावर. तळून आला की पुन्हा काट्यावर. आणि तळलेला वडा कच्च्यापेक्षा हलका भरला! नाना चक्रावले. "शैले, तेल आत गेलं आणि वजन खाली आलं? हे कसं?" मला इतकं हसू आलं. म्हटलं, "नाना, पिठातलं पाणी वाफ होऊन उडालं की. तेल आलं पाहुण्यासारखं आणि पाणी गेलं घर सोडून."

"पाणी पण गेलं?" नाना म्हणाले. मग त्यांनी वडा सोडला आणि कढई धरली. तळायच्या आधी तेलाचं वजन, सगळी रास तळून, कढई निवल्यावर पुन्हा तेलाचं वजन, मधली तूट भागिले वडे. खानावळीचा माणूस दारात ताटकळतोय आणि हे भागाकार करतायत! शेवटी उत्तर आलं. माझा एक वडा नऊ ग्रॅम तेल पितो.

"म्हणजे नव्वद ग्रॅमला दहा," नाना म्हणाले. "दर महिन्याला दहा वडे. दोघांचे धर. माझे मला नको होते. दहाच्या दहा तिचे." काटा पुसून पिशवीत ठेवला आणि गेले. मला वाटलं होतं, एकदा उत्तर मिळालं की हा माणूस शांत होईल. उलट झालं. आता त्यांना आकडा मिळाला होता. जेवण कमी झालं. डोळे खोल गेले. मुलगी फोनवर मला विचारायची, बाबा खातात का नीट? मी काय सांगू? भरलेल्या ताटासमोर नुसते बसतात, हे फोनवर कसं सांगायचं?

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळचं तळण चाललं होतं. नाना आले, काटा न घेता. बऱ्याच दिवसांनी रिकाम्या खांद्याने आले होते. उंबऱ्यापाशी स्टूल होतं, त्यावर बसले. वड्यांचा एक घाणा निघू दिला.

"शैले, एक विचारतो. खरं सांगशील?"

"विचारा की."

"त्या शुक्रवारी संध्याकाळी ती तुझ्याकडे आली होती."

"आली होती."

"इथेच बसली होती?"

"इथेच."

नाना पुढे वाकले. "खाल्लान काय गो तिनं? माझ्या चोरून? एखादा तरी? मी रागावणार नाय. देवाशप्पथ नाय रागावणार. कधीतरी खात असेल ना तुझ्याकडे? तू देत असशील ना?"

ज्या माणसाने झाकणाने तेल मोजलं, तो माझ्याकडे हात पसरून विचारत होता की माझी बायको मला फसवत होती ना? फसवत होती असं सांग, म्हणून विनवत होता. माझ्या हातातला झारा तसाच राहिला.

खरं काय ते मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मी तिला वडा दिला होता, अगदी गरम, टम्म फुगलेला. तिने तो तळहातावर घेतला. नाकाशी नेला. डोळे मिटून वास घेतला. आणि परत माझ्या परातीत ठेवला. "पहिल्या तारखेला," म्हणाली. "तीन देणार म्हणालेत. चार दिवस काय, आत्ता जातील." आणि पदराने हात पुसून घरी गेली. इतक्या वर्षांत एकदासुद्धा तिने माझ्याकडे चोरून खाल्लं नव्हतं. हे मी नानांना सांगितलं असतं तर तो माणूस त्या स्टुलावरून उठलाच नसता.

"खाल्लान, नाना," मी म्हटलं.

"खरं?"

"खरं. कधी कधी खायची. तुम्हाला सांगू नको म्हणायची."

"त्या दिवशी किती?"

आता ह्या माणसाला आकडा हवा, हे मला कळायला हवं होतं. "तीन," मी म्हटलं.

"तीन!" नानांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "गरम होते?"

"कढईतले."

"नऊ त्रिक सत्तावीस," ते पुटपुटले. "सत्तावीस ग्रॅम. चोरटी मेली! आणि मला म्हणते, बस." ते हसत होते. मीही हसले. आणि मग माझ्या तोंडून पुढचं निघालं. कुठून आलं, मला अजून सांगता येत नाही.

"चौथा मागत होती. मी दिला नाही."

नानांचं हसू थांबलं. "दिला नाय म्हणजे?"

"म्हटलं, वहिनी, पुरे. बाधेल. पहिल्या तारखेला खा."

नाना उभे राहिले. "का नाय दिलास?" त्यांचा आवाज चढला. "परातभर वडे होते ना तुझ्यापुढे? एका वड्याने काय झालं असतं? नऊ ग्रॅम! नऊ ग्रॅम तेलासाठी तू तिला नाय म्हटलंस? तिनं तोंडानं मागितलान, शैले! आजारी बाई तोंडानं मागते आणि तू तिला तारीख सांगतेस? तुझ्या हाताला काय झालं होतं? जीभ कशी उचलली तुझी?"

बाजारात ते ओरडतात, पण हे ओरडणं वेगळं होतं. हे सगळं त्यांनी गेलं वर्षभर स्वतःला ऐकवलेलं होतं, एकेक शब्द. आज पहिल्यांदा ते बाहेर पडत होतं आणि समोर दुसरं कोणीतरी होतं.  मला खरंच रडू आलं. कुंदावहिनी तळहातावर वडा घेऊन वास घेत होती ते दिसत होतं, आणि हा म्हातारा ओरडत होता, आणि कढईत वडे करपायला लागले होते, आणि माझ्याने झारा हलवेना.

नाना एकदम थांबले. बहुतेक मी हुंदका दिला असेन. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग गॅसकडे. पुढे येऊन गॅस बंद केला. आणि हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडू नको," ते म्हणाले. "गप. मी उगाच ओरडलो. तू काय मुद्दाम केलंस? तिच्या जिवाला बरं पडावं म्हणूनच नाय म्हटलंस ना?"

मी मान हलवली.

"मग झालं तर. वैर होतं काय तुझं तिच्याशी? माया होती म्हणून नाय म्हटलंस. तुला काय ठाऊक, ती उद्याला नसेल म्हणून? कोणाला ठाऊक असतं गो?" ते थांबले. मग हळूच, माझ्याशी नाही, म्हणाले, "कोणाला ठाऊक असतं?"

आणि ते परत स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. कुंदावहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी करपलेला घाणा काढून बाजूला ठेवला, उंबऱ्यावर त्यांच्याजवळ बसले आणि त्यांना रडू दिलं.